डब्यातून बाहेर : शॉ ब्रदर्सच्या चित्रपटांची वाटचाल

सिनेमावाल्यांच्या बोलीत चित्रपट 'डब्यात जातो' तो पैसे संपले, नट अडून बसला किंवा वितरक मिळाला नाही म्हणून. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सचे चित्रपट डब्यात गेले ते सगळ्या आशियात तुफान चालून झाल्यावर. १९८५ च्या सुमारास कंपनीने चित्रपट काढणं जवळपास थांबवलं आणि साडेसातशेहून अधिक चित्रपट तिच्या ताब्यात पडून राहिले. २००२ च्या डिसेंबरात त्यांतले पहिले काही डीव्हीडीवर आले, तेव्हा हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या एका अख्ख्या पिढीने आपल्याच शहराचा हा सिनेमा नीट पाहिलेला नव्हता.

ही संस्था सुरू झाली शांघायमध्ये. चार भाऊ, थोरले रनजे शॉ पेशाने वकील. १९२५ मध्ये त्यांनी 'तियानयी' ही चित्रपट कंपनी काढली. तिसरे रनमी माल खपवायला सिंगापूरकडे गेले आणि धाकटे रन रन त्यांच्या मागोमाग. मलायातल्या गावोगाव प्रोजेक्टर घेऊन हिंडायचं, मोकळ्या जागेत पडदा बांधायचा आणि खेळ लावायचा. आपल्याकडच्या तंबू सिनेमावाल्यांना वेगळं काही सांगायला नको. पुढे थिएटरांची साखळी झाली, करमणुकीची उद्यानं झाली आणि मग जपानी फौजा आल्या. युद्धाच्या काळात भावांनी सोनंनाणं बागेत पुरून ठेवलं होतं. युद्ध संपल्यावर उकरलं तर मोती तपकिरी पडलेले, घड्याळं गंजलेली, नोटांना बुरशी लागलेली. सोनं मात्र जसंच्या तसं पिवळं, अशी आठवण रन रन शॉ पुढे सांगत. ही आठवण वाचली की मला त्यांच्या चित्रपटांचे डबे आठवतात.

सिंगापूरच्या जालान अंपासवरचा त्यांचा स्टुडिओ मलय भाषेतले चित्रपट काढायचा आणि त्यासाठी दिग्दर्शक बोलवायचा भारतातून. त्यांत बी. एस. राजहंस होते, एल. कृष्णन होते. मुंबईत नाव कमावलेले फणी मजुमदारही तिथे गेले आणि १९५६ मध्ये त्यांनी 'हांग तुआह' हा मलय वीरकथेवरचा रंगीत चित्रपट केला. नायक होते पी. रामली, आणि संगीतही त्यांचंच. कुंगफूच्या गर्दीत हे पान सहसा कुणी उघडत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

१९५७ मध्ये रन रन शॉ हाँगकाँगला आले, १९५८ मध्ये शॉ ब्रदर्स ही कंपनी उभी राहिली आणि १९६१ मध्ये क्लिअरवॉटर बेच्या टेकडीवर 'मूव्हीटाउन' सुरू झालं. पगारी कलावंत, पगारी तंत्रज्ञ आणि सगळी खाती एकाच आवारात हा प्रकार पुण्याच्या प्रभात नगरीची माहिती असलेल्या वाचकाला ओळखीचा वाटेल. मूव्हीटाउनचा पसारा त्याहून मोठा होता. जुन्या चिनी शहरांचे कायमचे उभे रस्ते, स्वतःची रंगीत लॅब, नटनट्यांची राहण्याची सोय, अभिनयाचं शिक्षण. भरभराटीच्या काळात वर्षाला तीस-चाळीस चित्रपट बाहेर पडत. चित्रीकरण बहुतेक मुकंच व्हायचं. संवाद नंतर मँडरिनमध्ये भरायचे, तलवारींचा खणखणाट, ठोशांचे आवाज आणि वाऱ्याचं घोंगावणंही नंतरच. म्हणजे या चित्रपटांचा सगळा आवाज ही कानाने रचलेली वस्तू होती. हे लक्षात ठेवायला हवं. पुढे याचंच दुखणं झालं.

कामगिरीची यादी द्यायला बसलो तर जागा पुरणार नाही. किंग हू यांचा 'कम ड्रिंक विथ मी' १९६६ चा. त्यात चेंग पेई-पेई खानावळीत एकटी बसून गुंडांच्या टोळीला ज्या शांतपणे तोंड देते, तो शांतपणा तिच्या बॅले नृत्याच्या शिक्षणातून आलेला. पुढच्याच वर्षी चांग चेह यांच्या 'वन-आर्म्ड स्वोर्ड्‌समन'ने हाँगकाँगमध्ये दहा लाख डॉलरांची कमाई ओलांडली. 'किंग बॉक्सर' १९७२ चा. पुढच्या वर्षी अमेरिकेत तो 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' या नावाने झळकला आणि तिथली कुंगफूची लाट त्याच्यापासून सुरू झाली. त्याआधीच, १९७० मध्ये, शॉंचे जवळचे सहकारी रेमंड चाऊ बाहेर पडले होते. त्यांनी गोल्डन हार्वेस्ट काढली आणि ब्रूस ली त्यांच्याकडे गेला. शॉंची पगारी शिस्त त्याला मानवणारी नव्हती.

मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते दिग्दर्शक लाउ कार-लेउंग. त्यांचे वडील लाम साई-विंग यांचे शिष्य आणि लाम हे कुंगफूचे विख्यात गुरू वाँग फेइ-हुंग यांचे. आपल्याकडे गवई जसं घराणं सांगतो तसं लाउ यांना आपलं घराणं सांगता येत होतं, आणि त्यांचा कॅमेरा या विद्येचा मान राखायचा. १९७८ च्या 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'मध्ये नायक गॉर्डन लिउ चित्रपटाचा बराच मोठा भाग फक्त शिकत असतो. पाण्यावरच्या ओंडक्यांवरून तोल सांभाळत जायचं, हात पसरून बादल्या वाहायच्या, मनगटाच्या जोरावर जड घण हाणायचा. मारामारीच्या चित्रपटात रियाजाला इतका वेळ देणारा दिग्दर्शक मला दुसरा माहीत नाही.

रन रन शॉ यांचं लक्ष हळूहळू टीव्हीबी या दूरचित्रवाणी कंपनीकडे वळलं. १९८० मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. स्टुडिओचे मजले मालिकांनी भरले. याच दशकात घरोघर व्हिडिओ आला, पण शॉंनी हा साठा त्यासाठी खुला केला नाही. मग चोरून केलेल्या कॅसेटी फिरल्या. पाश्चात्त्य प्रेक्षकांना इंग्रजी संवाद भरलेल्या, रंग उडालेल्या प्रती टीव्हीवर मिळाल्या. मूळ चित्र 'शॉस्कोप'चं, म्हणजे उंचीच्या सव्वादोन पटींहूनही रुंद. टीव्हीच्या चौकोनात ते बसवताना चौकटीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापला जायचा. लाउ एका टोकाला गुरू आणि दुसऱ्या टोकाला शिष्य उभा करायचे. टीव्हीवर एकाचा हात दिसायचा आणि दुसऱ्याचं नाक. तशा प्रतींवरही लोकांनी जीव टाकला. न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाने १९९३ च्या आपल्या पहिल्या अल्बमच्या नावात छत्तीस कक्ष घेतले आणि त्यात या चित्रपटांतले संवाद पेरले.

नव्या शतकाच्या तोंडावर मलेशियन भांडवलावर उभ्या राहिलेल्या सेलेस्टियल पिक्चर्सने हा साठा घेतला. मूळ निगेटिव्ह काढून, साफ करून, डिजिटल करून चित्रपट एकामागून एक डीव्हीडीवर आणण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. त्या डिस्क आग्नेय आशियाच्या तिसऱ्या विभागासाठी होत्या. भारत पाचव्या विभागात, त्यामुळे आपल्याकडच्या साध्या प्लेयरवर त्या चालत नसत आणि विभागाचं कुलूप काढलेला प्लेयर शोधावा लागे. ज्यांनी तो शोधला त्यांना पहिल्यांदाच कळलं की मूव्हीटाउनमधलं आकाश रंगवलेलं होतं, आणि किती सुंदर रंगवलेलं होतं.

याच दिवसांतली एक गोष्ट मला विसरता येत नाही. हाँगकाँगमध्ये पहिल्या डिस्क दुकानात आल्या आणि महिना-सव्वा महिन्यात, ८ जानेवारी २००३ रोजी, पुण्यात जुन्या प्रभातच्या आवारातल्या कोठ्यांना आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली. काहींच्या प्रती आधी निघाल्या होत्या. मूळ फिल्म मात्र गेली. डबा वेळेवर उघडणं म्हणजे काय, हे त्या हिवाळ्यात दोन्ही बाजूंनी दिसलं.

सेलेस्टियलचं काम मोठं, पण त्यात एक चूक झाली आणि ती सांगायलाच हवी. अनेक डिस्कवर मूळ मोनो आवाज काढून सहा वाहिन्यांचं नवं मिश्रण घातलं गेलं. नवे ठोसे, नवा खणखणाट. ज्या चित्रपटांचा आवाज मुळातच स्टुडिओत थेंबाथेंबाने रचलेला, त्यांचा तो आवाज बदलणं म्हणजे नटाचा चेहरा बदलण्यासारखं. चाहत्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं आणि ते बरोबरच होते.

त्याची भरपाई पुढच्या टप्प्यात झाली. २०२१ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या अ‍ॅरो व्हिडिओने 'शॉस्कोप' या नावाने बारा चित्रपटांचा पहिला ब्लू-रे संच काढला. पुढच्या वर्षी चौदांचा दुसरा, २०२४ मध्ये पुन्हा चौदांचा तिसरा. काही चित्रपट मूळ निगेटिव्हवरून नव्याने उजळले आणि मोनो आवाज परत आला. रनमी १९८५ मध्ये गेले होते, रन रन शॉ २०१४ मध्ये १०६ व्या वर्षी. हे संच दोघांनीही पाहिले नाहीत.

पण या तिन्ही संचांवर नजर फिरवली की तलवारी, ठोसे, भिक्षू, जादूटोणा, अगदी 'किंग काँग'च्या धर्तीवरचं माकडसुद्धा सापडतं. ज्यांनी शॉंना खरी दौलत मिळवून दिली त्या हुआंगमेइ या चिनी संगीतनाट्याच्या शैलीतल्या संगीतिका मात्र तिथे नाहीत. ली हान-शिआंग यांची 'द लव्ह इटर्न' १९६३ ची. पुरुषवेष घेऊन शिकायला गेलेली मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला सोबती. त्या सोबत्याची भूमिकाही लिंग पो या अभिनेत्रीनेच केली. बालगंधर्वांना डोळ्यांसमोर आणा आणि बाजू उलटी करा. तैपेईत लोकांनी हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला, तिथल्या बायका लिंग पोसाठी रस्त्यावर लोटल्या. सेलेस्टियलने तो डीव्हीडीवर आणला, त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. 'किंग बॉक्सर'ला मिळाला तसा उजाळा त्याला मिळावा, आणि लिंग पोचं गाणं मूळ मोनोमध्ये, कुणी काही न भरता, घरात ऐकता यावं, एवढी माझी मागणी आहे.