कॅटरस्किलचा धबधबा: पाणी, साल आणि कायदा

भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की नायगारा ठरलेला. सात-आठ तासांचा प्रवास, मोटेलमधली एक रात्र, बोटीवरचा तो निळा रेनकोट आणि ढीगभर फोटो, हा कार्यक्रम न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडच्या बहुतेक मराठी घरांनी निदान तीन-चार वेळा तरी पार पाडलेला असतो. त्याच न्यू यॉर्क राज्यात, मॅनहॅटनपासून अडीच तासांवर, नायगाऱ्याहून उंच असा एक धबधबा आहे, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. त्याचे नाव कॅटरस्किल. पाण्याच्या मापाने तो नायगाऱ्यापुढे अगदी किरकोळ. पण अमेरिकन माणूस आपल्या रानाकडे कौतुकाने पाहायला कुठे शिकला असे कोणी विचारले, तर मी आधी कॅटरस्किलचे नाव घेईन.

जाणे अगदी सोपे. थ्रूवेवरून एक्झिट २० घ्यायचा, सॉगर्टीझ आणि पॅलनव्हिल ही गावे मागे टाकायची, की २३-ए हा रस्ता दरीतून वळणे घेत वर चढू लागतो. वर हेन्स फॉल्स गावापाशी उजवीकडे वळून लॉरेल हाऊस रोडवर गाडी लावली, तर झाडीतल्या जवळजवळ सपाट वाटेने पाहण्याच्या सज्जापर्यंत अर्धा मैलही चालावे लागत नाही. सज्जातून दिसते ती दोन टप्प्यांत कोसळणारी, एकंदर सुमारे २६० फुटांची धार. गुडघे कुरकुरणाऱ्या पाहुण्यांनाही हे झेपते. ज्यांना पायथ्याशी जायचे असेल त्यांच्यासाठी दगडी पायऱ्यांची दुसरी, जास्त उतरणीची वाट आहे.

आधी नावाबद्दल दोन शब्द. ‘किल’ म्हणजे डच भाषेत ओढा. पीकस्किल, फिशकिल, कॅटस्किल ही नावे आपण हायवेच्या पाट्यांवर रोज वाचतो, ती सगळी इंग्रजांच्या आधी इथे आलेल्या डचांची खूण. डोंगरांचे नाव कॅटस्किल आणि त्यातल्या एका ओढ्याचे कॅटरस्किल. फिलाडेल्फियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन बार्ट्रम १७५३ मध्ये आपल्या विल्यम या मुलाला घेऊन झाडांचे बी गोळा करायला या डोंगरांत आले होते. त्यांनी त्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे हा मुलगाही बापासारखाच नामांकित निसर्गअभ्यासक झाला. म्हणजे मुलांना घेऊन इथे येण्याची परंपरा अडीचशे वर्षांहून जुनी आहे!

पण खरी गर्दी सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. वॉशिंग्टन आयर्व्हिंगची रिप व्हॅन विंकलची गोष्ट १८१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि कॅटस्किलचे नाव घरोघर पोचले. गंमत अशी, की आयर्व्हिंगने ती इंग्लंडात बसून लिहिली आणि तोवर तो या डोंगरांत कधी चढलाही नव्हता. १८२४ मध्ये कड्याच्या टोकावर ‘कॅटस्किल माऊंटन हाऊस’ हे खांबांच्या ओळीचे पांढरेशुभ्र हॉटेल उघडले. न्यू यॉर्कची श्रीमंत मंडळी हडसन नदीतून वाफेच्या बोटीने येत आणि पुढे घोडागाडीने डोंगर चढत. त्यांच्या सहलीतले दुसऱ्या दिवशीचे ठिकाण म्हणजे हा धबधबा.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १८२५ मध्ये, चोवीस वर्षांचा एक चित्रकार इथे आला. त्याचे नाव टॉमस कोल. इंग्लंडातल्या लँकेशरमध्ये, कापडगिरण्यांच्या मुलखात, तो जन्मला होता आणि १८१८ मध्ये आई-वडील-बहिणींबरोबर या देशात आला होता. म्हणजे आपल्यासारखाच, बाहेरून आलेला. परतल्यावर त्याने काढलेली तीन निसर्गचित्रे न्यू यॉर्कच्या एका दुकानाच्या खिडकीत लागली. जॉन ट्रंबल, विल्यम डनलॅप आणि अॅशर ड्युरँड या तीन कलावंतांनी ती विकत घेतली. ट्रंबलने घेतलेले चित्र याच धबधब्याच्या वरच्या टप्प्याचे होते. कोल एका रात्रीत प्रसिद्ध झाला आणि त्याच्यामागून चित्रकारांची जी रांग इथे लागली, तिला पुढे ‘हडसन रिव्हर स्कूल’ हे नाव पडले. कोलच्या मृत्यूनंतर ड्युरँडने १८४९ मध्ये कोल आणि कवी ब्रायंट यांना याच परिसरातल्या एका खडकावर उभे दाखवून एक चित्र काढले. हे चित्र न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीने २००५ मध्ये विकले, तेव्हा त्याची किंमत साडेतीन कोटी डॉलर्सच्या आसपास सांगितली गेली.

मला या कथेत सर्वांत जास्त कुतूहल वाटते ते कोलने काय काढले नाही याचे. तो आला तेव्हा धबधब्याच्या माथ्यावर प्रवाशांसाठी लाकडी सज्जा आणि कठडे होते. १८२६ च्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात यातले काहीही नाही. आहे तो फक्त खडकावर उभा असलेला एकटा रेड इंडियन, इतका लहान की शोधून काढावा लागतो. माणसाने हात न लावलेले रान असे ते दृश्य आहे, आणि तसे ते रान त्या वेळीही नव्हते. बाहेरून आलेल्या या तरुणाने अमेरिकनांना त्यांचे रान दाखवले खरे, पण ते जसे होते तसे नव्हे, जसे असावेसे वाटत होते तसे.

प्रत्यक्षात काय होते? एक तर पाणी विकले जात होते. धबधब्याच्या माथ्यावर ओढ्याला बांध घातलेला होता. पुढे पीटर शट नावाच्या माणसाने तिथेच ‘लॉरेल हाऊस’ हे हॉटेल काढले. उन्हाळ्यात ओढा आटला की पाणी बांधामागे साठवायचे, खाली प्रवासी जमले की प्रत्येकी पंचवीस सेंट घ्यायचे आणि मग दार उघडायचे. काही मिनिटे धबधबा कोसळे, मंडळी टाळ्या वाजवीत, आणि पुन्हा कोरडा खडक! हे वाचून मला हसू आले, पण लगेच भंडारदऱ्याची आठवण झाली. प्रवरेवरचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाल्यापासून रंधा धबधबाही सोडलेल्या पाण्यावर अवलंबून आहे. तिथे पाणी शेतीसाठी आणि विजेसाठी अडवले आहे, इथे केवळ करमणुकीसाठी अडवले होते, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. वाटेवर जी काळपट हिरवी, बारीक सुयांसारख्या पानांची, झुकलेल्या फांद्यांची झाडे दिसतात, ती हेमलॉकची. (सॉक्रेटिसला दिलेले विष ते हे नव्हे. ती वेगळी वनस्पती.) या झाडाच्या सालीत टॅनिन भरपूर असते आणि कातडी कमवायला टॅनिन लागते. कातड्यांपेक्षा साल कितीतरी जास्त लागते, म्हणून साल कातड्यांकडे नेण्यापेक्षा कातडीच सालीकडे आणणे स्वस्त पडे. दक्षिण अमेरिकेतून जहाजाने आलेली कातडी हडसनमधून वर येत आणि बैलगाड्यांनी डोंगरात चढत. १८१७ मध्ये विल्यम एडवर्ड्सने आजच्या हंटर गावी मोठा कारखाना काढला. पॅलनव्हिल हे नावसुद्धा कातडी कमावणाऱ्या पॅलन कुटुंबाचे. प्रॅट्सव्हिलच्या झेडॉक प्रॅटने तर वीसेक वर्षांत दहा लाखांहून जास्त जोडतळाची चामडी काढल्याची प्रौढी मिरवली. वसंताच्या शेवटी झाडात रस चढला की साल सहज सुटते, म्हणून त्या दिवसांत झाडे पाडायची, साल सोलायची आणि खोड तिथेच कुजत टाकायचे. डोंगरच्या डोंगर असे उघडे पडले. झाडे संपली तसे कारखाने बंद झाले किंवा दुसरीकडे गेले. ओढ्यांचे पाणी तोवर पार नासले होते.

माझे सासरे जुन्नर भागातले, निवृत्त शिक्षक. त्यांना घेऊन आम्ही सज्जावर उभे होतो तेव्हा मी हे सगळे त्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘अगं सूनबाई, आमच्याकडे हिरडा आहे ना, तोही याच कामाचा.’’

मी म्हटले, ‘‘बाबा, हिरडा औषधाचा ना?’’

‘‘औषधाचा आहेच. पण गाड्या भरभरून मुंबईला जायचा तो कातडी कमवायला. तिथून विलायतेला. भीमाशंकरच्या बाजूचे महादेव कोळी अजूनही गोळा करतात. मात्र फळ काढायचं, झाड राहतं. पुढच्या वर्षी पुन्हा येतं.’’

त्या एका वाक्याने मला दोन डोंगरांतला फरक कळला. एकीकडे फळ घ्यायचे, म्हणजे झाड जगवण्यातच गोळा करणाऱ्याचा फायदा. दुसरीकडे साल घ्यायची, म्हणजे झाड मारावेच लागणार. कॅटस्किलचे लोक सह्याद्रीतल्या लोकांपेक्षा मनाने वाईट होते असे नाही. त्यांच्या धंद्याची रचनाच अशी होती, की झाड उभे ठेवण्यात कोणाचाच लाभ नव्हता. सह्याद्रीतही जिथे लाकूड आणि कोळसा हवा होता, तिथे डोंगर उघडे पडलेच की!

मग हे रान परत आले कसे? त्यामागची हकिगत थोडी विनोदी आहे. शेजारच्या अल्स्टर काउंटीत साल काढून झाल्यावर मालकांनी जमिनी सोडून दिल्या, कर थकले, आणि काउंटीच्या अंगावर राज्य सरकारची मोठी बाकी चढली. काउंटीच्या प्रतिनिधींनी तोड काढली, की या ओसाड जमिनी राज्याने घ्याव्यात आणि बाकी माफ करावी. त्याच वेळी, १८८५ मध्ये, उत्तरेकडच्या अॅडिरॉन्डॅक डोंगरांसाठी राखीव जंगलाचा कायदा होत होता. त्यात कॅटस्किलही बसवले गेले. म्हणजे इथल्या रानाच्या संरक्षणाचा आरंभ निसर्गप्रेमातून कमी आणि थकबाकीतून जास्त झाला. १८९४ मध्ये मात्र राज्याच्या घटनेतच कलम घातले गेले: ही जंगले कायम रानच राहतील, ती विकता येणार नाहीत, भाड्याने देता येणार नाहीत, त्यातले लाकूड तोडता येणार नाही. आज कॅटस्किलमधले असे राखीव जंगल पावणेतीन लाख एकरांहून जास्त आहे.

पुढे जुनी हॉटेले ओस पडली आणि त्यांच्या जागा राज्याकडे आल्या. मोडकळीला आलेले माऊंटन हाऊस सरकारने १९६३ मध्ये स्वतःच जाळून टाकले, आणि काही वर्षांनी लॉरेल हाऊसही त्याच वाटेने गेले. त्यांच्याबरोबर पंचवीस सेंटांचा धबधबाही संपला. आता पाऊस पडला की पाणी असते, ऑगस्टमध्ये बारीक धार असते, जानेवारीत बर्फाचा खांब असतो. तिकीट नाही. उन्हाळ्यात जाऊन ‘‘एवढंच पाणी?’’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी सांगते, की हा धबधबा आता कोणाच्या हुकमाने पडत नाही. मात्र ओल्या खडकाने अनेकांचे जीव घेतले आहेत. २०१५ नंतर पायऱ्या आणि कठडे झाले ते त्यासाठीच. फोटोसाठी कठड्याबाहेर पाऊल टाकू नये, मुलांचा हात सोडू नये.

हेमलॉकवर आता नवे संकट आहे. आशियातून आलेली एक बारीक कीड सुयांच्या मुळाशी पांढऱ्या कापसासारखे पुंजके करते आणि रस शोषून काही वर्षांत झाड मारते. अमेरिकेच्या पूर्व भागात ती १९५१ मध्ये व्हर्जिनियात प्रथम आढळली, आणि आता कॅटस्किलमध्येही पोचली आहे. कुऱ्हाडीतून वाचलेल्या झाडाला कायद्याचे कलम या किडीपासून वाचवू शकत नाही. तिथे शास्त्रज्ञ आणि वनखातेच हवे.

पण कुऱ्हाडीपासून मात्र ते कलमच वाचवते, आणि ते आपोआप टिकत नाही. न्यू यॉर्कची घटना बदलायची तर एकामागून एक निवडून आलेल्या दोन विधिमंडळांची संमती आणि वर जनतेचे मत लागते. राखीव जंगलातल्या जमिनींबद्दलचे असे प्रश्न २०१३ मध्ये मतपत्रिकेवर होते, २०२५ च्या नोव्हेंबरमध्येही होते. दोन्ही वेळचे अॅडिरॉन्डॅकमधले होते, पण कलम तेच, कॅटस्किलला राखणारे. आपल्यातले बरेचजण आता इथले नागरिक आहेत. मतदानाला जातो तेव्हा अध्यक्ष, गव्हर्नर यांच्यापुढे खूण करतो आणि मतपत्रिकेच्या मागच्या बाजूचे बारीक टाइपातले प्रश्न कोरे सोडून देतो. कोलला हे डोंगर उघडे पडताना नुसते पाहावे लागले. १८३६ मध्ये कुऱ्हाडीबद्दल खेद व्यक्त करणारा लेख लिहिण्यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नव्हते. आपल्या हाती मतपत्रिका आहे. तिची मागची बाजूही वाचायला हवी.