ब्रिजिडचा दिवस आणि मेंढ्यांचे दूध

आयर्लंडची लोकपरंपरा १ फेब्रुवारीला वसंताचा पहिला दिवस मानते. तिथले हवामान खाते मात्र वसंत १ मार्चपासून धरते, आणि फेब्रुवारीच्या आरंभी बाहेर नजर टाकली तर खात्याचेच खरे वाटावे: शेतात चिखल, निष्पर्ण झाडे, बोचरा वारा. या दिवसाचे जुने नाव इम्बॉल्क आणि ख्रिस्ती नाव सेंट ब्रिजिडचा दिवस. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पेगन म्हणवून घेणाऱ्या नव्या निसर्गपूजक पंथांनीही तो आपलासा केला आहे. त्यांच्यातले पुष्कळ जण सांगतात की ब्रिजिड मूळची देवी, चर्चने तिला संत करून घेतले, पण तिचा उत्सव त्या मुखवट्याआडून हजारो वर्षे अखंड चालत आला. ही कथा मोहात पाडणारी आहे, पण तिला लागणारा पुरावा मिळत नाही. माझे म्हणणे असे की इम्बॉल्कमध्ये जे खरोखर पुरातन आहे ते गुराख्या-मेंढपाळांच्या उघड्यावरच्या कामात शोधायला हवे. देवीची परंपरा सिद्ध झाली नाही म्हणून या दिवसाचे मोल कमी होत नाही.

जुन्यात जुने उल्लेख पाहिले की हे ध्यानात येते. अल्स्टरच्या वीरकथांमध्ये ‘एमरची मागणी’ ही एक कथा आहे. तिची संहिता साधारण दहाव्या शतकाच्या सुमाराची धरतात. तीत नायिका एमर वर्षाचे टप्पे मोजून दाखवते आणि इम्बॉल्कची ओळख एकाच खुणेने पटवते: वसंताच्या तोंडावर मेंढ्यांचे दूध काढू लागतात तो दिवस. होम, बळी, देवीचे नाव, यांतले काहीच तिथे येत नाही. मे महिन्यातल्या बेल्टनेच्या सणाबद्दल जुने ग्रंथ दोन आगट्यांमधून गुरे हाकल्याचे सांगतात. नोव्हेंबरच्या साउइनभोवती तर कथांचे रान माजले आहे. इम्बॉल्कच्या वाट्याला तेवढे दूध आले. इंग्लंडचे इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ या ग्रंथात याच उणिवेकडे लक्ष वेधले. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी या दिवशी कोणते विधी होत, हे सांगणारा मजकूर उरलेलाच नाही.

तरी ते दूध क्षुल्लक समजू नये. इंग्लंडमधला भिक्षू बीड याने ७३१ साली पुऱ्या केलेल्या आपल्या इतिहासात लिहिले आहे की आयर्लंडमध्ये बर्फ तीन दिवसांहून जास्त क्वचितच टिकते, म्हणून तिथे हिवाळ्यासाठी कोणी गवत कापून ठेवत नाही आणि गुरांसाठी गोठेही बांधत नाही. वर्णनात थोडी अतिशयोक्ती असेल. पण त्यातून दिसणारा हिवाळा खरा आहे. जनावरे बाहेर, त्यांना राखणारी माणसेही बाहेर, आणि राखून ठेवलेली कुरणे दिवसेंदिवस बोडकी होत चाललेली. गाई आटलेल्या असत आणि त्यांचे वीत अजून दूर असे. मेंढी पाच महिन्यांची गाभण राहते. जी शरदाच्या सुरुवातीला फळली तिची कास जानेवारीच्या अखेरीस भरू लागते. डब्लिनच्या अक्षांशावर डिसेंबरच्या मध्यानंतर दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो, तो १ फेब्रुवारीला नऊ तासांच्या घरात पोचतो. दूधदुभत्यावर जगणाऱ्या समाजाला साठा संपत आला असताना मिळालेले हे पहिले ताजे अन्न. त्या दिवसाला वसंत म्हणायला याहून वेगळे कारण लागत नाही.

सातव्या शतकात कोगिटोससने लिहिलेले ब्रिजिडचे चरित्रही याच वातावरणातले आहे. किल्डेअर इथल्या मठाची अधिपती असलेल्या ब्रिजिडचे चमत्कार म्हणजे बहुतांशी लोणी, दूध, गुरे आणि धान्य यांच्या गोष्टी. एका गोष्टीत ती माळावर मेंढ्या चारत असताना मुसळधार पाऊस येतो. ती चिंब भिजून घरी परतते आणि फटीतून आत आलेल्या उन्हाच्या तिरिपेवर, दांडीवर टाकावे तसे, आपले ओले वस्त्र वाळत घालते. फेब्रुवारीतल्या आयरिश उन्हाची किंमत कळलेल्या माणसांनीच ही गोष्ट सांगितली असणार.

मग देवीचे काय? मन्स्टरचा राजा आणि बिशप कॉरमॅक याचा मृत्यू ९०८ सालचा. त्याच्या नावावर असलेल्या शब्दकोशात ब्रिजिड नावाची देवी खरोखरच येते: दाग्दा या देवाची मुलगी, कवींची आराध्य, आणि तिच्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची व दुसरी लोहारकामाची. हा पुरावा मोलाचा आहे, पण १ फेब्रुवारीशी तो देवीचा संबंध कुठेच जोडत नाही. किल्डेअरच्या अखंड अग्नीचेही तसेच. वेल्सच्या जेराल्डने बाराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे वर्णन केले: एकोणीस जोगिणी आळीपाळीने रात्री अग्नी राखतात आणि विसाव्या रात्री तो खुद्द ब्रिजिडवर सोपवला जातो. देवीच्या पुजारिणींची ही आठवण असू शकेल. तशी ती मठाची स्वतःची रीतही असू शकेल. बाराव्या शतकातल्या एका नोंदीवरून सातशे वर्षे मागे उडी मारता येत नाही.

आपल्याकडची वसंतपंचमीही याच सुमारास येते, म्हणून दोन्ही सणांचे मूळ एक मानण्याचा मोह होईल, तोही टाळावा. इम्बॉल्कचे नाते आकाशातल्या एखाद्या ठरावीक क्षणाशी घट्ट बांधलेले नव्हते. १७५२ साली ब्रिटिश राजवटीने पंचांग बदलून अकरा दिवस गाळले, त्याआधीचा १ फेब्रुवारी म्हणजे आजच्या हिशेबाने १२ फेब्रुवारी. तारीख सरकली आणि बहुतेक ठिकाणी सण नव्या तारखेला होऊ लागला. शेतीची कामे मात्र आपल्या वेळेलाच होत राहिली.

पुढच्या काळातल्या चालीरीती मार्टिन मार्टिनच्या १७०३ च्या पुस्तकापासून तपशिलाने दिसू लागतात. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर घरधनीण आणि मोलकरणी ओटच्या पेंढीला बाईचे कपडे नेसवत, तिला मोठ्या टोपलीत निजवून शेजारी लाकडी सोटा ठेवत आणि ब्रिजिड आल्याचे तीनदा पुकारत. सकाळी चुलीच्या राखेत सोट्याचा ठसा दिसला तर पीक चांगले येणार, असा कौल घेत. आयर्लंडमध्ये ३१ जानेवारीच्या संध्याकाळी लव्हाळा आणत. तो कापायचा नाही, हाताने उपटायचा. एक काडी उभी धरायची, दुसरी तिच्या कमरेभोवती दुमडायची, मग सगळे पाव फेरा फिरवून तिसरी, चौथी. मधला चौकोन घट्ट होत जातो, चार हात चार दिशांना वाढतात, शेवटी त्यांची टोके बांधायची. असा क्रॉस घरात शाकाराखाली आणि गोठ्यातही लागे. त्याच रात्री खिडकीबाहेर किंवा झुडपावर एक फडके टाकून ठेवत. ब्रिजिडने जाता जाता स्पर्श केलेले ते फडके वर्षभर जपायचे. गाय अडली की तिच्या पाठीवर घालायचे.

यावर कोणी म्हणेल, हे सारे सतराव्या ते विसाव्या शतकातले. आयरिश लोकसाहित्य आयोगाने या सणाविषयी गावोगाव प्रश्नावली पाठवली तीही १९४२ साली. मग पुरातनत्व राहिले कुठे? आक्षेप रास्त आहे. लव्हाळ्याचा क्रॉस ख्रिस्तपूर्व आहे असे मी म्हणणार नाही. पण कोगिटोसस, एमरची कथा, मार्टिन आणि १९४२ ची उत्तरे एकमेकांसमोर ठेवली की रूपे बदलतात आणि विषय तोच राहतो: दूध, वीत, दाणा, उरलेला चारा. तो हाताला हात लावून पुढे दिला गेला असेल किंवा नसेल. त्याच जमिनीवर तीच गरज दर फेब्रुवारीला उभी राहत होती, आणि तिला उत्तर म्हणून रीती पुन्हा पुन्हा घडत होत्या.

या नजरेने पाहिले तर नव्या पेगनांवरचा नकलीपणाचा आरोपही सैल पडतो. आठ सणांचे त्यांचे वर्षचक्र १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जुळवले गेले, हे उघड आहे. प्राचीनतेचा दावा त्यांनी सोडावा. पण भल्या पहाटे बाहेर पडून पहिली हिमफुले पाहणे, उघड्यावर आग पेटवून दूध-भाकरी वाटून खाणे, यात खोटे काय? उलट त्यांच्यातल्या ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी एक फार बरोबर गोष्ट केली. दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा, म्हणून त्यांच्यातले बरेच जण इम्बॉल्क ऑगस्टच्या आरंभी पाळतात, त्या बाजूची थंडी ओसरू लागते तेव्हा. आयर्लंडने २०२३ पासून ब्रिजिडच्या नावे सार्वजनिक सुट्टी दिली, देशातली एका स्त्रीच्या नावाची पहिली सुट्टी, याचा मला मनापासून आनंद आहे. ती मात्र फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी येते; १ तारीख शुक्रवारी आली तर त्याच दिवशी. तारीख हलवण्याचे हे दोन प्रकार शेजारी ठेवले तर, एमरने सांगितलेल्या खुणेच्या अधिक जवळ ऑस्ट्रेलियातले पेगनच आहेत.