विजयदुर्गचा हेलियम

कांहीं वर्षांपूर्वीं सामान्य ज्ञानाच्या एका स्पर्धेंत परीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याचा प्रसंग मजवर आला होता. ‘हेलियम वायूचा शोध कोठें लागला?’ असा एक प्रश्न होता, आणि मजपुढील कागदावर त्याचें उत्तर ‘विजयदुर्ग, १८ ऑगस्ट १८६८’ असें छापलेलें होतें. एका मुलानें थोडें अडखळत ‘लंडन’ म्हटलें. सभागृहांत हशा पिकला, आणि मीं त्याला शून्य दिलें. मी स्वतः विद्यार्थिदशेपासून तेंच उत्तर ऐकत आलों होतों. कोंकणांतील तो जलदुर्ग, त्यावरील ‘साहेबाचे कट्टे’, तेथें दुर्बीण रोखून उभा असलेला लॉकियर नांवाचा इंग्रज ज्योतिषी, हें सर्व चित्र माझ्या डोळ्यांपुढें सिद्ध होतें. पुढें एका दीर्घ सुटींत या प्रकरणाचे मूळ वृत्तान्त चाळण्याची बुद्धि झाली, आणि त्या मुलाचा चेहरा मला पुनःपुन्हा आठवूं लागला.

१८ ऑगस्ट १८६८ चें खग्रास सूर्यग्रहण, एवढा भाग मात्र सर्वथा खरा आहे. त्या दिवशीं चंद्राची छाया अरबी समुद्र ओलांडून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर चढली, आणि जमखिंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण या मार्गानें बंगालच्या उपसागरांत उतरली. खग्रास स्थिति पांच मिनिटांहून अधिक टिकणार होती. एवढा अवधि क्वचितच मिळतो. त्यांतून थोड्याच वर्षांपूर्वीं किर्खोफ व बुन्सेन या जर्मन पंडितांनीं असें दाखवून दिलें होतें कीं, प्रत्येक मूलद्रव्याचा वायु तापला म्हणजे त्याच्या वर्णपटांत ठराविक रंगाच्या रेषा उमटतात, आणि त्यांवरून तें द्रव्य ओळखतां येतें. हें नवें यंत्र ग्रहणकाळीं सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या ज्वालांकडे वळवावें म्हणून ठिकठिकाणीं छावण्या पडल्या. पटवर्धनांच्या जमखिंडीस प्रख्यात हर्शेल घराण्यांतील एक लेफ्टनंट होता, गुंटुरास मेजर टेनंट व फ्रान्सचा जान्सेन, मच्छलीपट्टणास मद्रासचा सरकारी ज्योतिषी पॉगसन. मद्रास वेधशाळेंतील चिंतामणि रघुनाथाचारी हे निजामाच्या मुलुखांत वनपर्तीस गेले होते. या यादींत लॉकियर नाहीं.

ज्वालांच्या वर्णपटांत चकचकीत रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हें ठरलें. त्या रेषांत एक पिवळीही होती. सोडियमची पिवळी रेषा त्या काळच्या प्रत्येक निरीक्षकाच्या परिचयाची असल्यामुळें ही तीच, असें बहुतेकांनीं गृहीत धरलें. पॉगसननें मात्र ती सोडियमच्या जागीं किंवा तिच्याजवळ आहे, अशी नोंद केली. त्या ‘जवळ’ शब्दांत एक मूलद्रव्य दडलेलें होतें, परंतु पॉगसनचा अहवाल मद्रासेस छापला गेला आणि फारसा कोणाच्या हातीं पडला नाहीं. जान्सेनची दृष्टि वेगळ्याच गोष्टीवर गेली. रेषा इतक्या तेजस्वी होत्या कीं, त्या ग्रहणावांचूनही दिसाव्या असें त्याला वाटलें, आणि दुसऱ्या दिवशीं भर उन्हांत त्यानें त्या पाहिल्याही.

लॉकियर या वेळीं इंग्लंडांत युद्धखात्याच्या कचेरींत कारकुनी करीत होता. त्याचें वर्णपटदर्शक यंत्र कारागिराकडून यावयास ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबर १८६८ रोजीं त्यानें घरच्या दुर्बिणीला तें जोडून, ग्रहण नसतां, सौरज्वालांच्या रेषा पाहिल्या. योगायोग असा कीं, त्याचें टिपण आणि जान्सेनचें हिंदुस्थानांतून निघालेलें पत्र पॅरिसच्या अकादमीपुढें एकाच बैठकींत वाचलें गेलें. पुढें फ्रेंच सरकारनें दोघांच्या मुद्रा एकाच पदकावर कोरविल्या. पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेशीं जुळत नाहीं, हें लॉकियरनें याच वेधांत निश्चित केलें. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशीं ती जुळेना, तेव्हां सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हेलियम’ हें नांव पुढें आलें. विल्यम टॉमसननें १८७१ सालीं ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणांत तें उच्चारलें. रसायनज्ञ मात्र बराच काळ नाकें मुरडीत होते. हाताला न लागणारें द्रव्य ते कसें मानणार? शेवटीं १८९५ सालीं विल्यम रॅम्झेनें लंडनांतच क्लेव्हाइट नामक युरेनियमच्या खनिजांतून हा वायु काढून बाटलींत भरला. म्हणजे तो अडखळणारा मुलगा एकदां नव्हे, दोनदां बरोबर होता.

मग विजयदुर्ग कोठून आला? तो खोटा नाहीं, तीस वर्षांनीं चुकला आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीं पुन्हां एक खग्रास ग्रहण याच किनाऱ्यावरून गेलें, आणि त्या वेळीं साठी ओलांडलेला लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आला. ‘मेल्पोमेनी’ नांवाच्या आरमारी जहाजावरील खलाशांना शिकवून त्यानें आपल्या यंत्रांवर उभें केलें. खग्रास स्थिति सुमारें दोन मिनिटांची होती. साहेबाचे कट्टे या मोहिमेशींच जुळतात. त्या वेळीं हेलियम प्रयोगशाळेंत अवतरून तीन वर्षें होत आलीं होतीं. लोकस्मृतीनें दोन ग्रहणांचें एक केलें, त्यांत ठळक तारीख पहिल्याची ठेवली व माणूस दुसऱ्याचा घेतला. यांत दोष कोंकणच्या लोकांना मी देत नाहीं. आपल्या गांवीं पाहुणा येऊन गेला हें त्यांनीं अचूक लक्षांत ठेवलें. तारखा पडताळून पाहणें हें आम्हां प्राध्यापकांचें काम होतें.

आणखी एक गोष्ट मला अधिक लागते. त्याच १८९८ च्या ग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथून पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगांववाला यांनीं घेतले. एक हिंदी प्राध्यापक आपल्या यंत्रसामग्रीसह तेथें उभा होता, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळी त्याच गांवीं तंबू ठोकून होती. नायगांववालांचें नांव सामान्य ज्ञानाच्या कोणत्याही प्रश्नसंग्रहांत मला आढळलेलें नाहीं. जें आपलें नव्हे त्यासाठीं टाळ्या, आणि जें आपलें होतें त्याची ओळखही नाहीं.

स्पर्धेच्या चालकांना मीं सविस्तर पत्र लिहिलें. उत्तर विनयपूर्वक आलें: पुस्तकांत तसें छापलेलें आहे, आणि निकाल आतां फिरवितां येत नाहीं. निकालपत्राची एक प्रत सोबत जोडली होती. त्या मुलाचा संघ दोन गुणांनीं मागें पडला होता. तो प्रश्न पांच गुणांचा होता.