कुत्रं आडवं आलं

मोटार विम्याच्या क्लेम फॉर्मवर विश्वास ठेवायचा झाला, तर आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांना मोटारींच्या आडवं जाण्यापलीकडे दुसरा उद्योगच नाही. कुत्र्याला वाचवायला चालक गाडी डावीकडे घेतो, डावीकडे नेमका विजेचा खांब असतो आणि दार चेपतं. सर्व्हेयर म्हणून माझी उभी हयात हे वाक्य वाचण्यात गेली. कुत्रं नसेल तेव्हा गाय. गाय नसेल तर ‘गाडी पार्किंगमध्ये उभी असताना अज्ञात वाहनाने धडक दिली’.

आता खांबाचा पोचा गोल आणि उभा पडतो. दुसऱ्या गाडीच्या बंपरचा आडवा पडतो, आणि बहुतेक वेळा त्या गाडीचा रंगही मागे ठेवून जातो. पांढऱ्या पद्मिनी गाडीच्या दारावर हिरव्या रंगाचा पट्टा घेऊन आलेले एक प्राध्यापक मला तो खांब प्रत्यक्ष दाखवायला तयार होते. मी म्हटलं, “सर, खांबाला बहुतेक मडगार्ड असणार.” ते हसले, मीही हसलो, आणि चहा मागवला.

माणसं मुळात लबाड असतात म्हणून असं लिहितात, हे मला कधीच पटलं नाही. बँकेत पै-पैचा हिशेब चोख ठेवणारा माणूस क्लेम फॉर्मवर कुत्रं का सोडतो, याचं उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे.

विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, ही सक्ती आपल्याकडे 1939च्या मोटार वाहन कायद्यात आली. ब्रिटनमध्ये ती 1930 सालच्या कायद्याने आली होती. आपला कायदा त्याच वळणाचा. पण विम्याचं प्रकरण प्रत्यक्ष लागू व्हायला 1 जुलै 1946 उजाडला. कायद्याच्या डोळ्यांसमोर होता तो गाडीखाली सापडलेला पादचारी, त्याची विधवा, त्याची मुलं. ज्याची गाडी चेपली त्याच्याकडे मुळात गाडी होती, म्हणजे तो खाऊनपिऊन सुखी; त्याच्या पोच्याची चिंता सरकारने का करावी? विचार चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. 1956च्या दुरुस्तीने मोटार अपघात न्यायाधिकरणं आली, तीही जखमी आणि मृतांच्या वारसांसाठीच.

दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान सक्तीच्या विम्यात आलं ते 1969च्या दुरुस्तीने, 2 मार्च 1970पासून. मर्यादा ठेवली 2,000 रुपये. गंमत म्हणजे ज्या ब्रिटनकडून आपण हे सगळं घेतलं, तिथे मालमत्तेच्या नुकसानीची सक्ती 1988च्या अखेरीस आली. म्हणजे या एका बाबतीत आपण साहेबाच्या अठरा वर्षं पुढे होतो. पण पुढे गेलो आणि तिथेच बसलो. 1982मध्ये दोन हजारांचे 6,000 झाले. 1988मध्ये सगळा कायदा नवा लिहिला, तरी आकडा तोच. 2019च्या दुरुस्तीने तो आकडा काढायचं ठरलं, आणि ते कलम अमलात आलं 1 एप्रिल 2022ला. जवळजवळ चाळीस वर्षं देशात कुणीही कुणाची गाडी ठोकली, तरी सक्तीच्या विम्याच्या लेखी नुकसान सहा हजारांच्या वर जात नव्हतं. या काळात पद्मिनी गेली, अँबेसेडर गेली, मारुती 800 आली आणि तीही गेली. आजच्या बऱ्याच मध्यम गाड्यांचा एक हेडलाइटसुद्धा सहा हजारांत येत नाही.

जास्तीचं संरक्षण पॉलिसीत मिळत नव्हतं असं नाही. 2002च्या अखिल भारतीय मोटार टॅरिफमध्ये (सगळ्या कंपन्यांना एकच असलेल्या दर-नियमांत) खासगी कारसाठी ते साडेसात लाखांपर्यंत होतं. पण ते मिळवायची वाट न्यायाधिकरणातून जायची. म्हणजे पोलिसांत नोंद, पंचनामा, वकील, समोरच्या मालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला नोटीस, आणि मग पुण्यात शिवाजीनगरच्या कोर्टात तारखा. मागचा दिवा फुटला म्हणून ही वाट धरणारा माणूस मी तरी पाहिला नाही. समोरून एसटी आली असेल तर कोर्टात विमा कंपनीही नसायची, कारण सार्वजनिक परिवहन महामंडळांना स्वतःचा निधी ठेवून विम्यातून सूट घेण्याची सोय कायद्यातच आहे. तुम्ही आणि महामंडळ, समोरासमोर.

मग राहिला स्वतःचा विमा. इथे दुसरी गोष्ट सुरू होते.

13 मे 1971च्या वटहुकुमाने सरकारने सर्वसाधारण विमा कंपन्यांचं व्यवस्थापन हाती घेतलं, आणि 1 जानेवारी 1973पासून 107 कंपन्यांच्या चार झाल्या: मुंबईची न्यू इंडिया, कलकत्त्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल, मद्रासची युनायटेड इंडिया. चौघी जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या लेकी. आता एकीच्या गिऱ्हाइकाने दुसरीच्या गिऱ्हाइकाला ठोकलं, तर भरपाई कुणी कुणाकडून वसूल करायची? पैसा शेवटी एकाच घरातला. विमा कंपन्यांत ‘नॉक फॉर नॉक’ नावाची समजूत असे, विलायतेतूनच आलेली. तुझ्या माणसाची गाडी तू दुरुस्त कर, माझ्या माणसाची मी करतो. चूक कुणाची हे आपण एकमेकांना विचारायचं नाही. कंपन्यांच्या दृष्टीने फार शहाणपणाची सोय. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, सिग्नलला शांतपणे उभं असताना मागून ठोकर बसली तरी क्लेम तुमच्याच पॉलिसीवर, आणि क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा बोनसही तुमचाच जाणार.

फॉर्मवर समोरच्या गाडीचा नंबर लिहिला, की कंपनीचा माणूस पोलिसांचा कागद मागायचा. कुत्र्याला नंबर नसतो. खांब पोलिसांत जात नाही. मिळणारी रक्कम दोन्हीकडे तीच. सांगा, शहाण्या माणसाने काय लिहावं?

मी या धंद्यात आलो तो आमच्या गुरूंचा सहायक म्हणून. त्यांचा परवाना शिमल्याहून आलेला. विमा नियंत्रकाचं कार्यालय तेव्हा तिथे होतं. विमा कायद्यात 1968 साली घातलेल्या कलमानुसार वीस हजार किंवा त्याहून मोठ्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेयरचा अहवाल लागे. पद्मिनीच्या पोच्याला तेव्हा वीस हजार कुठून लागणार? म्हणजे कायद्याने आमची गरज नव्हती. तरी कंपन्या पाठवायच्या, कारण दीड हजाराच्या क्लेमलाही ऑडिटसाठी कागद हवा असे. आमची चूल त्या कागदावर पेटली.

काम असं. गॅरेजमध्ये जायचं, गाडी न धुतलेली बघायची. गुरू आधी पोच्यावरून बोट फिरवत आणि बोट नाकाशी नेत. मला वाटायचं नाटक आहे. मग कळलं, ताज्या पोच्यातला रंग खवल्यासारखा निघतो आणि खालचा पत्रा चकचकीत दिसतो. जुन्या पोच्यात गंजाची पूड आणि रस्त्याची धूळ बसलेली असते. एका अपघाताच्या पावतीवर गाडीची पाच वर्षांची दुखणी बरी करून घ्यायची हौस फार जणांना असायची. मग चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची आणि ठसा घ्यायचा, म्हणजे पाहिली ती हीच गाडी याला पुरावा. फोटो रोलवर निघत, आणि अहवालाबरोबर निगेटिव्हही जोडावी लागे. आरसी बुक, लायसन्स, एस्टिमेट ताडून बघायचं. शेवटी दुरुस्त गाडीची पुन्हा तपासणी आणि बदललेला जुना भाग मोजून घेणं, कारण त्याच्या भंगाराचे पैसे क्लेममधून कापायचे असत.

त्या काळचा डेंटर हा कलावंत होता, आणि मी हे गतकाळाच्या उमाळ्याने म्हणत नाही. पद्मिनीचं मडगार्ड आतून डॉली लावून, बाहेरून हातोडीच्या हलक्या टिपऱ्यांनी तो परत आकारात आणायचा. पत्रा ताणला गेला असेल तर गॅसने तापवून ओल्या फडक्याने आवळायचा. वर जेमतेम लांबी, पाणी मारत पॉलिश पेपर, मग रंग. बंपर पोलादी, सरळ करायचा आणि क्रोमचं पाणी चढवून आणायचं. नवा भाग लागलाच तर नाना पेठेत चक्कर. भाग बदलणं हा शेवटचा उपाय होता. बिलात मजुरी जास्त, माल कमी. मजुरीला घसारा, म्हणजे झिजेची कपात, लागत नाही, म्हणून मालकाच्या हातात बरेचसे पैसे पडायचे आणि भांडणं कमी व्हायची.

प्लॅस्टिकच्या बंपरने हे सगळं उलटं केलं. प्लॅस्टिकला डॉली-हातोडी चालत नाही. चिरलं की बदला. 2002च्या टॅरिफमध्ये पत्र्याच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाने वाढतो: सहा महिन्यांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. काचेला शून्य. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकला मात्र पहिल्या दिवसापासून सरसकट 50 टक्के. तीन महिन्यांची गाडी, पेढ्याचा वास अजून सीटला, आणि सर्व्हेयर सांगतोय की बंपरचे अर्धे पैसे तुमचे. त्या चेहऱ्यांवरचा राग मी आजही विसरलेलो नाही, आणि तो रास्त होता असंच माझं मत आहे. टायरची झीज समजते. तीन महिन्यांत बंपर अर्धा कसा झिजतो हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. तरी कापायचा मीच.

त्यात बोनस. क्लेम न केल्यास पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45, आणि सलग पाच वर्षांनंतर 50. एक क्लेम केला की सापशिडीतल्यासारखे थेट खाली. समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता आठ हजार आणि बोनस निम्मा; म्हणजे तुम्ही चार भरता. बंपर आला चार हजारांचा. घसारा जाऊन उरले दोन, तेव्हाचे सक्तीचे पाचशे मालकाच्या अंगावर, म्हणजे हातात दीड हजार आणि रंग-मजुरी. पुढच्या वर्षी हप्ता पुन्हा पुरे आठ. हा हिशेब ज्याला जमला, त्याने छोट्या पोच्यासाठी विमा कंपनीचं तोंड पाहिलं नाही.

कोर्टाची वाट लांब, आपल्या विम्याची महाग. उरला चौक. अलका टॉकीजच्या चौकात दोन गाड्या थांबल्या, मागची वाहनं हॉर्न वाजवू लागली, की जे सुरू होतं त्याला बाहेरगावचे लोक पुणेकरांचा स्वभाव म्हणतात. मला त्यात एक बऱ्यापैकी शिस्तीची पंचायत दिसते. आधी दोघेही आवाज चढवतात. चूक कुणाची याचा निकाल गर्दीतला कुणी स्कूटरवाला देतो, आणि तो बहुधा बरोबर असतो. मग हवालदार येतो: मिटवून घ्या, नाहीतर चौकीवर चला. चौकी म्हटल्याबरोबर आवाज खाली येतात. जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावतात, तो नुसत्या नजरेने आकडा सांगतो. ठोकणारा निम्म्यापासून सुरू करतो, ठोकून घेणारा पोरांना शाळेतून आणायची आहेत हे आठवून जरा खाली येतो. मांडवली झाली की दोघे एकमेकांना ‘सांभाळून जा’ सांगतात. अर्ध्या तासात निकाल आणि वसुली. दांडगाईही होते, हे खरं. मोठ्या गाडीवाला रिक्षावाल्याला दमात घेतो, किंवा गर्दी रिक्षावाल्याच्या बाजूने होऊन गाडीवाल्याला लुटते. पण सहा हजारांची मर्यादा, नॉक फॉर नॉक आणि बोनस या तिन्हींनी मिळून ज्या लोकांना कुठेच दाद ठेवली नाही, त्यांनी उभी केलेली ही सोय आहे.

1 जानेवारी 2007ला टॅरिफ संपलं आणि मधल्या काळात धंद्यात आलेल्या खासगी कंपन्यांत हप्त्यांची चढाओढ लागली. पुढे ‘झिरो डेप’ आलं: थोडा जास्त हप्ता भरा आणि घसारा विसरा. बोनस वाचवणारी जोडपॉलिसीही आली. कॅशलेस गॅरेजं आली, तिथे भाग सरसकट बदलतात; हातोडीने पत्रा उठवणारा माणूस मिळाला तर त्याच्या हाताखाली शिकायला कुणी उभं नसतं. परवानाधारक सर्व्हेयर सक्तीचा होण्याची मर्यादा मोटारींसाठी पन्नास हजारांवर गेली, आणि आता मालक स्वतःच मोबाइलवर फिरता व्हिडिओ काढून पाठवतो. पोच्यावर बोट फिरवायला कुणी जात नाही. बोट नसल्याने जुन्या पोच्यांचे बरे दिवस आले असतील, अशी मला शंका आहे.

आमच्या सोसायटीतली मुलं सल्ला विचारायला अजून येतात. परवा एकजण आला, रिव्हर्स घेताना खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गाडीला लागली, दोन्हीकडे थोडं खरचटलंय. “काका, क्लेम टाकू का?”

मी म्हटलं, “काकूंच्या दाराचं काय ते त्यांना विचारून गॅरेजवाल्याला देऊन टाक. तुझ्या बंपरचं नंतर बघू. आधी पॉलिसी आण, बोनस किती टक्के आहे आणि झिरो डेप आहे का ते बघू दे. आणि फॉर्म भरायचाच झाला, तर कुत्रं लिहू नकोस. रिव्हर्स गाडीला कुत्रं आडवं येत नाही.”