रविवारचा चहा आणि रविकिरण मंडळ

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे जुने सहाध्यायी एका प्राध्यापक-मित्राकडे पुण्याला दोन दिवस राहिलो. कार्यक्रम असा काही नव्हता. रविवारी सकाळी फर्ग्युसन महाविद्यालयामागची टेकडी चढलो, उतरलो आणि रस्त्यावरच्या एका उपाहारगृहात चहा घेत बसलो. बोलता बोलता विषय रविकिरण मंडळावर आला. यजमान मित्र म्हणाले, "अहो, आमच्या वर्गात मुलांना एवढेच ठाऊक असते, की ही मंडळी रविवारी चहा प्यायची आणि कविता करायची." सगळे हसले. आम्हीही हसलो, पण ते हसू आम्हाला पुरते पटले नाही. हे टिपण त्या न पटण्यातून लिहीत आहोत.

मंडळाची स्थापना 1923 सालची. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर आणि नाट्यछटाकार दिवाकर ही त्यातली प्रमुख नावे. पैकी माधव जूलियन फर्ग्युसनमध्ये फार्शी शिकवीत. दिवाकर शाळेत शिक्षक होते. यशवंतांची नोकरी येरवड्याच्या सुधारशाळेतली. म्हणजे एरवीचे सहा दिवस वेळापत्रकाला बांधलेली ही माणसे. दरबारी कवीला रविवार नसतो आणि कीर्तनकाराला तर नसतोच. आठवड्याची ठरलेली सुटी, ठरलेला पगार आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहणारे समानधर्मी, या तीन गोष्टी एकत्र आल्या त्या शाळा-कॉलेजांच्या गावात. मंडळाच्या नावातला 'रवि' हा आकाशातला आहे तितकाच दिनदर्शिकेतलाही आहे, असे आम्हाला वाटते.

या चहापानाला केवळ विरंगुळा समजणे चुकीचे आहे. तिथे कविता मोठ्याने वाचली जाई, गायिली जाई. समोर बसलेल्या सात जणांच्या कानावर पडणाऱ्या ओळीत मात्रा चुकली तर ती लपत नाही; छापील पानावर लपू शकते. माधव जूलियनांचा 'छंदोरचना' (1927) हा ग्रंथ एकट्या अभ्यासिकेतून आला असेलही, पण ज्या गावात कविता दर आठवड्याला कानाने तपासली जात होती त्याच गावाच्या सवयींचे ते शास्त्र आहे. 1937 साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली आणि मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. 'किरण', 'उषा' यांसारखे संग्रह मंडळाने एकत्रितपणे काढले, हेही विसरू नये. एकेकट्याने पुस्तक काढणे शिक्षकाच्या पगारात सोपे नव्हते.

थट्टा मात्र लवकर आली. केशवकुमारांची, म्हणजे अत्र्यांची, 'झेंडूची फुले' 1925 ची. मंडळ अवघे दोन वर्षांचे! विडंबन इतके चपखल होते, की पुढच्या पिढ्यांनी मूळ कविता वाचायच्या आधीच विडंबन पाठ केले. त्यावर मर्ढेकरांनंतरच्या समीक्षेने शिक्का मारला. वास्तविक मर्ढेकरांच्या 'शिशिरागम'वर (1939) माधव जूलियनांची छाया स्पष्ट दिसते. शिष्याची पहिली पावले गुरूच्याच वाटेवर पडली होती.

चहाच्या बाजूने इतके बोलल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही बैठक कोणाची होती? मुख्यतः शिकलेल्या, पांढरपेशा पुरुषांची. मनोरमाबाई त्यात एकट्या स्त्री. पतीबरोबरच्या संयुक्त संग्रहामुळे त्यांचे नाव टिकले आणि 1926 मध्ये त्या गेल्या. चहापानाचा इतिहास लिहिताना चहा करणाऱ्याची नोंद ठेवण्याची आपली परंपरा नाही. शिवाय ज्या कॉलेजच्या गावाने हा सहवास दिला त्याच गावाला आपल्या प्राध्यापकाच्या खासगी प्रेमाची चर्चा सोसली नाही. माधव जूलियनांना फर्ग्युसन सोडावे लागले. पुढे अमरावती, आणि मग कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय. मैत्रीला जागा देणारे गाव उदार असतेच असे नाही. आम्हाला या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत बोचते.

पण पांगापांगीचा एक अनपेक्षित लाभ झाला. गिरीश सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात, माधव जूलियन कोल्हापुरात. कॉलेजांच्या नव्या गावांत काव्यगायनाची सवय त्यांच्याबरोबर गेली. याच सुमारास धारवाडात द. रा. बेंद्रे 'गेळेयर गुंपु' म्हणजे मित्रांचा मेळा जमवीत होते. घरी मराठी बोलणारे आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेले बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

त्या रविवारी संध्याकाळी यजमानांच्या घरी त्यांच्या ऐंशी ओलांडलेल्या आईंनी आमची चर्चा ऐकली आणि माधव जूलियनांची एक गज्जल गुणगुणायला सुरुवात केली. चौथ्या ओळीला शब्द आठवेनात. चाल मात्र त्यांनी शेवटपर्यंत म्हटली, आणि मग आम्हाला विचारले, "चहा टाकू का पुन्हा?" यजमान मित्र उठले आणि स्वयंपाकघरात गेले.