पुण्याने गोष्टींचे कप्पे कसे पाडले

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं, त्याच्या आधीच त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. चालू काळातल्या घरादारावर लिहिलेल्या कादंबऱ्यांना त्यांनी ‘आजकालच्या गोष्टी’ असं मालेचं नाव दिलं. ‘मधली स्थिती’ (१८८५) या मालेतली, ‘पण लक्षात कोण घेतो’ही त्याच मालेतली. ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ मात्र ऐतिहासिक म्हणून वेगळ्या राहिल्या. लेखक एकच, १८९० पासून साप्ताहिकही तेच. पण वाचायला बसण्याआधीच वाचकाला कळायचं की आज माजघरात शिरायचं आहे की गडावर चढायचं आहे. पुण्यात कथेचे प्रकार ओळखण्याची रीत रुजली ती माझ्या मते इथे.

पेठेतल्या एका वाचनालयाच्या देवघेव विभागात मी नोकरीची सगळी वर्षं काढली. टेबलापलीकडून येणारी मागणी क्वचितच पुस्तकाच्या नावाने यायची. “पेशवाईतलं काहीतरी द्या.” “आईसाठी घरगुती कादंबरी हवी, फार रडवणारी नको.” “धारपांचं नवीन आलंय का?” सभासदाच्या तोंडी असलेले हे प्रकार कुठून आले, याचा शोध घेत मी मागे मागे गेले आणि दर वेळी पुण्याच्याच एखाद्या छापखान्यापाशी किंवा कचेरीपाशी येऊन थांबले.

सुरुवातीला कप्पे नव्हतेच. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या हालांवरची, म्हणजे सामाजिक. तिच्यानंतर चारच वर्षांनी आलेली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ अद्भुतरम्य. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) तिच्याच वाटेने गेली. दरम्यान कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणल्या होत्या आणि वाचकाला चमत्काराची चटक लागली होती. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ (१८७१) पासून शिवकाल कादंबरीत आला. चौदा वर्षांत तीन वाटा फुटल्या, पण वाचक त्यांना वेगळं मानत होता असं दिसत नाही. सगळ्या एकाच टोपलीत होत्या.

त्यांना वेगळं करायचा विचार लवकर सुरू झाला, हे मराठीचं भाग्य. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक यांविषयी निबंध’ १८७२ चा. त्यानंतर तीस वर्षांनी, १९०२ साली, इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ हा निबंध लिहिला आणि अद्भुत कादंबरी व वास्तव कादंबरी असा भेद मांडून युरोपातल्या कादंबरीशी मराठीची तुलना केली. दप्तरं धुंडाळत गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला कल्पित गोष्टींची वर्गवारी महत्त्वाची वाटली, याचा मला फार आदर आहे. पुढे पुण्याच्याच शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली. पुस्तक कशात मोडतं हे ठरवल्याशिवाय सूची होत नाही, आणि ते ठरवण्यासाठी पुस्तक हातात घ्यावंच लागतं.

वाचनालयात मात्र निराळाच पेच होता. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं. त्याच्यामागून शहरात सार्वजनिक आणि खाजगी वाचनालयं वाढत गेली. जिथे ड्युईची दशांश पद्धत आली तिथे मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक मिळाला आणि त्यातल्या कथा-कादंबरीला ८९१.४६३. या आकड्याच्या पोटात ‘उषःकाल’ही बसते, ‘बनगरवाडी’ही बसते आणि अर्नाळकरांचा झुंजारही बसतो. कपाटावर चिठ्ठी एकच, ‘कादंबरी’. पुढची वाटणी टेबलावर बसणाऱ्याच्या डोक्यात. दाखल नोंदवहीत लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत असे रकाने होते. प्रकाराचा रकाना आमच्या वहीत नव्हता. बांधणीला जाऊन आलेलं पुस्तक तर मुखपृष्ठही गमावून यायचं. करड्या पुठ्ठ्यांच्या त्या रांगेत रहस्यकथा मी पहिल्या पानावरून ओळखायची. तिथे कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलेलं असायचं आणि दुसऱ्या कुणीतरी ते रागाने खरवडलेलं असायचं.

वाचकाच्या मनातली कपाटं नियतकालिकांनी भरली. त्यात अनंत अंतरकरांचा वाटा सर्वांत मोठा. त्यांनी १९४६ साली ‘हंस’ काढलं, आणि पुढे ‘मोहिनी’ व ‘नवल’. ‘हंस’ कथेसाठी, ‘मोहिनी’ विनोदासाठी आणि ‘नवल’ साहस, गूढ, भय, विज्ञान असल्या अद्भुताच्या ओढीसाठी. १९६६ साली ते गेल्यावर त्यांचे चिरंजीव आनंद अंतरकरांनी पुण्यातून हा वारसा अनेक दशकं चालवला. विचार करा, एकच घर आणि तीन मासिकं, प्रत्येकाची प्रकृती वेगळी. दिवाळीत आमच्याकडे अंकांची योजना सुरू झाली की सभासद रांगेत उभे राहून सांगायचे, “मला नवल आधी.” आपल्याला काय आवडतं हे त्या माणसाला नेमकं ठाऊक असायचं. ही जाण त्याला संपादकाने दिलेली होती.

‘नवल’ची गोडी लागलेल्या वाचकाला पुस्तकं पुरवणारे लेखकही याच शहरात होते. नारायण धारप (१९२५–२००८) पुण्याचे. त्यांनी भयकथेला मराठी घर दिलं, आणि ‘समर्थ’ हा त्या भयाशी लढणारा नायक दिला. ‘तुंबाड’ चित्रपट २०१८ साली आला तेव्हा तरुण मुलं धारपांचं नाव विचारत वाचनालयांत आली, कारण त्या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा होती. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला आणि फुरसुंगीच्या बनेश फेणेला पुण्याच्या विद्या भवन शाळेत घातलं. कुमारांची साहसकथा त्याच्याच सायकलवरून शहरभर फिरली. रहस्यकथेचे सम्राट बाबूराव अर्नाळकर मुंबईचे, हजाराहून अधिक पुस्तकांचे धनी. पण पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी त्या परंपरेला पुढचं वळण दिलं. बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन असे त्यांचे वेगवेगळे नायक, आणि वाचक लेखकाच्या नावाऐवजी नायकाच्या नावाने पुस्तक मागायचे. “दारा आहे का?” म्हणणारा आणि “अमर विश्वास आहे का?” म्हणणारा हे दोन वेगळे वाचक होते. पहिल्याला धाडस हवं, दुसऱ्याला कोर्टातली उलटतपासणी. रहस्यकथेच्या पोटातले उपप्रकार सभासदांनी असे ठरवून टाकले होते. मग १९८२ साली ‘दुनियादारी’ आली. त्याच लेखकाची, पण कॉलेजच्या कट्ट्यावरची. दारासाठी आलेल्या मुलाच्या हातात मी ती ठेवली, आणि परत करायला तो आला तेव्हा सोबत दोन मित्र होते.

विज्ञानकथेचा प्रवेश सर्वांत देखणा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. जयंत विष्णु नारळीकरांनी आद्याक्षरं उलटी करून ते नाव घेतलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती. १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पुण्यात उभी राहिली आणि नारळीकर इथले झाले. ते २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विज्ञानकथेला मानाचं पान मिळालं.

नव्या सभासदाला प्रकार कसे ओळखायचे हे मी नेहमी उदाहरणाने सांगत आले. रणजित देसायांची ‘स्वामी’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ लोक एका दमात ऐतिहासिक म्हणून मागतात. पण माधवराव पेशव्यांची पत्रं आहेत, हिशेब आहेत, बखरी आहेत. लेखकाला त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. कर्ण महाभारतातला, म्हणून ती पौराणिक. तिथे लेखकाची बांधिलकी महाकाव्याशी असते. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ घ्या. ज्याच्याबद्दल कागद थोडे बोलतात आणि लोक फार बोलतात, अशा बाजीरावाच्या मनात शिरण्याचा तो प्रयत्न आहे. ऐतिहासिक कादंबरीतही कागदाला धरून चालणारी आणि माणसाच्या मनाला धरून चालणारी असे दोन पोटभेद हाताला लागतात.

रहस्यकथा, भयकथा आणि गूढकथा यांची तर कायम सरमिसळ होते. वाचणाऱ्याला शेवटच्या पानावर काय हवं असतं, ते पाहावं. रहस्यकथेत उत्तर हवं असतं. ते मिळालं नाही तर पुस्तक फसलं. भयकथेत संकट काय आहे हे बऱ्याचदा मध्यावरच कळलेलं असतं, तरी वाचक सुटकेसाठी जीव मुठीत धरून वाचतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत शेवटी उत्तर मिळालं तरी मनातली शंका जात नाही, आणि ती जाऊ नये अशीच लेखकाची इच्छा असते. विज्ञानकथेची कसोटी सोपी आहे: त्यातलं विज्ञान काढून टाका. तरीही गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली, तर ती साधी साहसकथा होती.

काही पुस्तकं कुठल्याच कप्प्यात बसत नाहीत, आणि तीही पुण्याने छापली. खानदेशातून शिकायला पुण्यात आलेल्या पांडुरंग सांगवीकर या नायकाची ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. सामाजिक म्हणावी तर तिला समाज सुधारायचा नाही, आत्मचरित्र म्हणावी तर ती कादंबरी आहे. प्रकार नीट माहीत असलेल्या वाचकालाच तिचं वेगळेपण चटकन जाणवलं. कप्पे असल्यामुळेच कप्पा मोडणारं पुस्तक ओळखता येतं.

माझी एक तक्रार आहे. मराठी समीक्षेने सामाजिक, ग्रामीण, दलित कादंबरीवर मोठं आणि मोलाचं काम केलं. ‘फकिरा’, ‘गोतावळा’ यांच्यावर चर्चा झाली, होत राहावी. पण ज्या रहस्य, भय आणि साहसकथांनी हजारो घरांना वाचनाची सवय लावली, त्यांच्याकडे फार थोड्यांनी गांभीर्याने पाहिलं. हलकं साहित्य म्हटलं की विषय संपला. म्हणून पॉकेटबुकं जपली गेली नाहीत. जीर्ण झाली की वाचनालयांनी ती बाद केली, घरांनी रद्दीत घातली. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतून जे गेलं ते वेगळंच. एक प्रकार कसा घडला, वाढला, फुटला हे सांगणारा पुरावाच हातून निसटतो आहे. सुमार पुस्तकं त्यांत पुष्कळ होती हे मला मान्य आहे, मीच ती वाटली आहेत. पण चांगलं कोणतं हे सगळी समोर असल्याशिवाय ठरत नाही.

तेव्हा पुण्यातल्या आणि पुण्याबाहेरच्या वाचकांना विनंती आहे. माळ्यावर ‘नवल’चे जुने अंक असतील, अर्नाळकर, धारप, शिरवळकर यांच्या पहिल्या आवृत्त्या असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या वाचनालयाला विचारा. वाचनालयांनी नोंदवहीत एक रकाना वाढवावा: प्रकार. रहस्य, भय, गूढ, विज्ञान, ऐतिहासिक, पौराणिक, सामाजिक, ग्रामीण, जे असेल ते लिहावं. दोन लागू पडत असतील तर दोन लिहावेत. हे काम खर्चाचं नाही. पुस्तक वाचलेला एक माणूस त्या वहीपाशी बसवला की झालं.