तारापूरची भट्टी, कुर्ल्याची फियाट आणि ब्रेकची गोष्ट

२८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर येथे भारतातील पहिल्या अणुविद्युत केंद्राने व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, तंत्रज्ञान त्या काळी अद्ययावत. मात्र मुंबईहून मोटारीने तेथे निघालेला अभियंता मनोरला महामार्ग सोडून वाघोबा खिंडीतून पालघरकडे उतरू लागला, की त्याच्या पायाखालचे तंत्र जुनेच असे. गाडी बहुधा कुर्ल्याची फियाट, नाहीतर अँबॅसडर; दोहोंच्याही चारही चाकांना ड्रम ब्रेक.

ड्रम ब्रेक म्हणजे चाकासोबत फिरणारे लोखंडी भांडे आणि त्याला आतून घासणारे दोन शू. ही रचना टाकाऊ मुळीच नव्हती. फिरता ड्रम शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाचा थोडा जोरही पुरतो. दोष उष्णतेत दिसतो. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजेच शूपासून दूर सरकतो. लायनरची पकड सुटते आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्क तापली तर फुगून पॅडच्या जवळच येते, शिवाय उघडी असल्याने लवकर निवते.

डिस्कची कल्पनाही नवी नव्हती. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. तांब्याचे पॅड कर्कश आवाज करीत आणि धुळीच्या रस्त्यांवर झपाट्याने झिजत, म्हणून ती मागे पडली. १९५३ मध्ये ल माँची शर्यत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने जिंकली, आणि मग युरोपातील घरगुती मोटारींपर्यंत ती पोहोचली. १९६६ साली फियाटने इटलीत ‘११००-आर’ बाजारात आणली. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क होती.

कुर्ल्यात मात्र तिच्या आधीची ‘११००-डी’च बनत राहिली. सत्तरच्या दशकात तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले, ड्रम तेच राहिले. यात कारखान्याच्या कारागिरीचा दोष शोधणे अन्यायाचे ठरेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स परवाना पद्धतीच्या चौकटीत काम करीत होती. १९५३च्या धोरणानंतर केवळ सुटे भाग जोडणाऱ्या परदेशी कंपन्या देश सोडून गेल्या होत्या, आयातीवर निर्बंध होते आणि गिऱ्हाईक गाडीसाठी वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. ज्या गाडीसाठी रांग लागते, तिचे ब्रेक बदलण्याची घाई कोणाला असणार?

ब्रेक निवडण्याचा प्रश्नच नव्हता. जे काही हाती होते ते निगा राखण्यात होते. ठरावीक अंतराने शू आणि ड्रममधली फट जुळवावी लागे. एका बाजूची फट कमी-जास्त झाली की गाडी एकीकडे खेचे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि तारापूरसारख्या किनाऱ्यावर हवेत ओलाव्याची वाण कधीच नसते. ओलावा मुरलेले तेल तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबले जात नाही, म्हणून पेडल स्पंजासारखे लागते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर जाणता चालक हलका ब्रेक दाबून काही अंतर जाई, लायनर सुकवी, मगच वेग घेई. त्या पिढीच्या गाड्यांत बहुधा तेलाचा एकच मार्ग असे. एक व्हील सिलिंडर गळू लागला तरी चारही चाकांचे ब्रेक जात आणि हाती फक्त हँडब्रेक उरे.

या निगेची किंमत मात्र चालकाने मोजली नाही. लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, कारण तो उष्णता सोसतो. ड्रम उघडला की आत साचलेली करडी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची पद्धत होती, आणि ती ड्रमपुढे बसलेल्या मेकॅनिकच्या, त्याच्या हाताखालच्या पोराच्या छातीत जाई. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांतील कामगारांच्या आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो असे ठरवले आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. कारखान्यात हजेरीपट असतो, म्हणून तेथे नोंद मागता येते. रस्त्याकडेच्या गॅरेजात हजेरीपटच नसे.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी हळूहळू सामान्य माणसाच्या गाडीत रूढ झाली. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली.

ड्रम मात्र गेलेला नाही. आजही बोईसर स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या अनेक साध्या मोटारींच्या मागच्या चाकांत तो आहे, आणि हँडब्रेक ओढला की गाडी त्याच्याच बळावर थांबून राहते.